बोटभर

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड.

आमच्या बालीत बाळाचा पाय जमिनीला टेकवतात
तो एकशे पाचव्या दिवशी.
त्याच्या आदल्या रात्री तांदूळ आणि नाणी घेऊन
मला अंगात येणाऱ्या बाईकडे नेलं,
कोण परत आलंय ते विचारायला.
बाई घोगऱ्या आवाजात बोलली:
मी रिनिंग. तुमची पणजी.
दुष्काळात रात्री पाटावरचं लाकूड सरकवलं होतं,
बोटभर. ते फेडायला आले.

हिशेब लागला.
भोगाला नाव सापडलं की शेजाऱ्यांना झोप लागते.
मला कोणी हसलं नाही कधी.
कीव केली ती जरा लांबून,
दुसऱ्याच्या देण्यात आपण कशाला हात घाला, तशी.

बाबा गावचे पाणी-वाटपी.
पाटात आडवं टाकलेलं नारळाचं खोड, त्याला खाचा,
ज्याची जमीन जेवढी, तेवढी रुंद खाच.
त्यांचे गुडघे गेले आणि रात्रीची राखण माझ्याकडे आली.
लोक पुटपुटले, चोराच्या हाती किल्ल्या.
बाबा म्हणाले, किल्लीचं वजन त्यालाच ठाऊक.

त्या वर्षी अगुंग डोंगरावर ढग यायचे,
टेकायचे, आणि काही न देता उठून जायचे.
अंधाऱ्या रात्री मेन दार्सा आली.
नवरा जहाजावर भांडी घासतो, आठ महिने पैसा नाही.
शेत पाटाच्या अगदी शेपटाला.
पाठीवर दार्सा, तापाने फणफणलेला.
तिने पाण्याच्या देवीपुढे फुलांची टोपली ठेवली,
उदबत्ती लावली, हात जोडले,
मग लाकूड सरकवलं.
बोटभर.

देवीला सांगून केलेली चोरी.
मी केळींच्या आड, दहा पावलांवर.

ओरडणं हा माझा धर्म.
तोंड उघडलंही.
ओरडले तर उद्या सभेत हिचं पाणी बंद,
आणि चार पिढ्यांनी कुठल्या तरी पोरीचा पाय.
गप्प राहिले तर पलीकडे
पेकाक रुंताचं भात वाळणार,
आणि म्हाताऱ्याने तर कुणाचं काहीच सरकवलेलं नाही.

भोक पाडलेली करवंटी पाण्यावर सोडली.
ती बुडेपर्यंत एक वाटा, असं आमचं माप.
एक बुडाली. मी काही केलं नाही.
दुसरी बुडाली. मी काही केलं नाही.
मग पाण्यात उतरले. आखूड पाय आधी घसरला.
लाकूड जागेवर आणलं.

पुढच्या रात्री आमच्या खाचेत चिखलाचा गोळा दाबला,
दोन करवंट्या.
ते पाणी पेकाक रुंताकडे गेलं.
बाबांनी सकाळी आपलं कोरडं शेत पाहिलं,
माझी चिखलाची नखं पाहिली,
म्हणाले, चहा घे.

सभेत विचारलं, लाकडावर ओरखडा कसला?
मी म्हणाले, माझा डोळा लागला होता.
दंड भरला, दोन मापं तांदूळ.
मागून कोणी तरी म्हणालं, रक्त रिनिंगचंच ना.

आजी, तुझ्याही पाठीवर कोणी होतं का?
बाईच्या अंगात आलीस तेव्हा
बोटाचं सांगितलंस, पोराचं नाही.
की कोणी विचारलंच नाही?

मेन दार्सा अमावास्येला आमच्या उंबऱ्यावर
एक टोपली ठेवून जाते. आम्ही बोलत नाही.
तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.
पोरगा शाळेत जातो. माझी चाल करून दाखवतो,
मला आवडतं.

पाय मला मिळाला, मी मागितला नव्हता.
पण त्या दोन करवंट्या माझ्या,
डोळे उघडे ठेवून बुडू दिलेल्या.
आणि ते खोटंही माझं.
याचं फळ गोड की कडू, मला सांगता येणार नाही.
रिनिंगच्या नावावर मात्र टाकू नका.

पुढे कधी तुमच्याकडे बाळ होईल,
काही तरी आखूड घेऊन.
तांदूळ घेऊन जाल, मी बोलेन घोगऱ्या आवाजात.
तेव्हा नुसतं बोट विचारू नका.
करवंट्या किती, तेही विचारा.
पाठीवर कोण होतं, ते विचारा.